चांदीचे डाग

ती बाटली सापडली तेव्हा मी उंदीर शोधत होतो. प्रयोगशाळेत उंदीर शिरला होता आणि त्याला नेमकी सगळ्यात महागड्या यंत्राची वायर गोड लागली होती. पिराजीमामा खराटा घेऊन दाराशी उभे होते आणि मी कोपऱ्यातल्या लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात डोकं घालून बसलो होतो.

"गावला का?" मामांनी विचारलं.

"उंदीर नाही. पण हे काय आहे बघा."

पिराजीमामा आमच्याकडे परिचर होते. काचेची भांडी धुणं, डिस्टिल्ड पाणी काढणं, किल्ल्या सांभाळणं ही त्यांची नेमून दिलेली कामं. आम्हा विद्यार्थ्यांना वळण लावणं हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं काम, आणि त्यात ते कधी रजा घेत नसत. त्यांनी माझ्या हातातली बाटली उजेडाकडे धरली. बाटली तपकिरी, करंगळीएवढी. बूच पॅराफिनच्या पट्टीने घट्ट गुंडाळलेलं. तळाशी पेरभर द्रव, आणि लेबलवर निळ्या शाईत बारीक, सरळ अक्षरात तारीख आणि 'व. को.'

"वसुधाताईंची हाय," मामा म्हणाले. "ठेवा हुती तितं."

मी ठेवली नाही. कोटाच्या खिशात टाकली. उंदीर त्या दिवशी सापडला नाही.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीतल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात मी, श्रीधर मगदूम, पीएच.डी. करत होतो. आमचे मार्गदर्शक नेर्लेकर सर. त्यांचा विषय फ्युएल सेल. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा. मधल्या मध्ये वीज मिळते आणि धुराऐवजी पाणी बाहेर पडतं. ऐकायला सोपं आहे. पण हवेतला ऑक्सिजन महा आळशी. त्याला कामाला लावायला प्लॅटिनम लागतं, आणि प्लॅटिनम हे काही पोत्याने आणायचं प्रकरण नाही. तेव्हा कमी प्लॅटिनमकडून जास्त काम कसं करून घ्यायचं, यावर आमच्यासारखे शेकडो लोक जगभर डोकेफोड करत होते.

सरांची कल्पना अशी की, प्लॅटिनमच्या काळ्या भुकटीत जी बारीक छिद्रं असतात त्यांना आतून आयनिक द्रवाचा पातळ लेप द्यायचा. आयनिक द्रव म्हणजे एक प्रकारचं मीठच, फक्त खोलीत ठेवलं तरी तेलासारखं पातळ राहणारं. आम्ही वापरत होतो ते पाण्यात मिसळत नसे, उडत नसे, नासत नसे. त्यात ऑक्सिजन चांगला विरघळतो आणि पाणी प्लॅटिनमपासून लांब राहतं. म्हणजे आळशी गड्याला थेट कामाच्या जागेवर नेऊन सोडायचं.

कल्पना सरांची, पण ती करून दाखवली वसुधा कोष्टीने. मी पहिल्या वर्षाला आलो तेव्हा ती चौथ्या वर्षाला होती. इचलकरंजीची. उंच, सावळी, कमी बोलणारी. तिच्या लेपामुळे प्लॅटिनमचं काम अडीचपट झालं. अडीचपट म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे कुणाला दीडपट मिळालं तरी तो आठवडाभर ताठ मानेने हिंडायचा.

सरांनी पुण्याच्या एका सेमिनारमध्ये तो आकडा जाहीर केला. तिथल्या एका गटाने तो प्रयोग आपल्याकडे करून पाहिला, आणि त्यांना काहीच मिळालं नाही. उलट लेप दिल्यावर प्लॅटिनम आणखी मंद झालं. त्यांनी सरांना पत्र लिहिलं. पत्र अतिशय सभ्य होतं, म्हणूनच सरांना ते जास्त झोंबलं.

मग सरांनी मला बोलावलं. "मगदूम, वसुधाची वही घ्या. तिला काही विचारायचं नाही. वहीत लिहिलंय तसंच सगळं करा आणि काय येतं ते मला सांगा."

मी तसं केलं. म्हणजे, तसं केलं असं सांगितलं.

हे द्रव बनवताना त्यात थोडं क्लोराइड मागे राहतं. क्लोराइड म्हणजे प्लॅटिनमचा जन्माचा वैरी. मुठीत मावेल एवढं नको, शिंकेएवढं पुरतं. म्हणून पेरूच्या आकाराच्या, खाली तोटी असलेल्या काचेच्या फनेलमध्ये द्रव आणि डिस्टिल्ड पाणी एकत्र घालून खळबळायचं. द्रव जड, ते खाली बसतं. वरचं पाणी वेगळं काढायचं आणि परत नवं पाणी घालायचं. क्लोराइड गेलं की नाही हे बघायला त्या काढलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पाणी दुधाळ झालं तर अजून आहे, निवळ राहिलं तर गेलं. वसुधाताईंच्या वहीत एवढंच वाक्य होतं: 'पाण्याने धुतले, टेस्ट निगेटिव्ह येईपर्यंत.' सगळे असंच लिहितात.

सिल्व्हर नायट्रेटची एक खोड आहे. त्यात चांदी असते. बोटाला लागलं तर लगेच काही दिसत नाही, पण तासाभराने उजेडात कातडी काळी पडायला लागते. साबण, लिंबू, चिंच, कशानेही तो डाग जात नाही. कातडी बदलेल तेव्हाच जातो. हातमोजे तेव्हा आमच्याकडे फक्त अ‍ॅसिडसाठी मिळायचे. वसुधाताईंच्या उजव्या हाताची बोटं कायम अशी काळी ठिपकेदार असायची आणि आम्ही पोरं त्याला 'ताईंची मेंदी' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. त्या हसायच्या.

माझा प्रयोग फसला. पुण्याच्या लोकांचा फसला तसाच.

सरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. सर, ताई आणि मी. दुपारची वेळ. टेबलावर माझा आलेख आणि तिचा आलेख शेजारी शेजारी ठेवलेले. माझा आलेख मार खाल्लेल्या माणसासारखा आडवा पडला होता.

"वसुधा," सर म्हणाले, "हे तुझ्याच वहीवरून केलंय."

ताई बराच वेळ दोन्ही आलेख बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "श्रीधर, सिल्व्हर नायट्रेटची टेस्ट केली होतीस ना?"

"केली," मी म्हणालो.

"निगेटिव्ह आली?"

"हो."

माझे हात टेबलावर होते. त्यांनी मान खाली घातली आणि माझ्या हातांकडे बघत बसल्या. मला वाटलं, हिला आता वर बघायला तोंड राहिलं नाही. मनातल्या मनात मला तिची दयाही आली. मी किती मोठ्या मनाचा माणूस होतो ते बघा.

"तुला काही म्हणायचंय?" सरांनी तिला विचारलं.

"नाही, सर."

आठ-नऊ दिवसांनी ताईंनी पीएच.डी.तून नाव काढून घेत असल्याचा अर्ज दिला. कुणी त्यांना जा म्हटलं नाही. पण प्रयोगशाळेत त्या आल्या की बोलणं थांबायचं, आणि 'आकडे शिजवले' हे शब्द पाठीमागे फिरायचे. शिजवणं, म्हणजे आकडे मनाने बनवणं, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. चोरी एक वेळ माफ होते.

आता खरं सांगतो. मी टेस्ट केली नव्हती. सिल्व्हर नायट्रेटची बाटली कुलपाच्या कपाटात असायची, किल्ली पिराजीमामांकडे, आणि मामा दोन दिवस त्यांच्या गावच्या जत्रेला गेले होते. मी द्रव चार वेळा धुतलं. पाणी अगदी काचेसारखं दिसत होतं. प्रत्येक धुण्यात थोडं थोडं द्रवही पाण्याबरोबर जातं, तेव्हा उगाच कशाला धुवा? चार वेळा धुतल्यावर राहणार काय आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि अहवालात सगळे लिहितात ते वाक्य लिहून टाकलं.

माझं खोटं एवढंच. एक ओळ. तीन वर्षं मी ते मनाच्या तळाशी दाबून ठेवलं होतं, आणि ताईंनी आकडे शिजवले असणारच, असं मानलं की ते तळाशी नीट बसायचं. ती बाटली सापडली आणि ते वर आलं.

दुसऱ्या दिवशी मी बाटलीची पट्टी सोडली. सुईच्या टोकाने थोडं द्रव घेतलं, प्लॅटिनमच्या भुकटीला लेप दिला आणि मोजलं. कुणाला सांगितलं नाही. अडीचपट. माझा विश्वास बसेना म्हणून सगळं धुऊन पुसून परत केलं. दोन पूर्णांक चार.

तीन दिवस मी गप्प बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडचं फार सोयीचं शहाणपण आहे. माझा प्रबंध वेगळ्याच विषयावर होता, त्याला या बाटलीचा उपयोग नव्हता. ती परत कपाटात ठेवली असती तर उंदराखेरीज कुणाला कळलं नसतं. चौथ्या दिवशी सकाळी मी इचलकरंजीची एसटी पकडली. धैर्य वगैरे काही नाही. जेवण जाईना, म्हणून गेलो.

ताई अकरावी-बारावीचे क्लास घेत होत्या. खाली मागांचा खडखडाट, वर पत्र्याची खोली, बाकं आणि फळा. मुलं नुकतीच गेली होती. मला दारात बघून त्या थबकल्या, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"ये. बस की. पाणी देऊ?"

मी बाटली काढून बाकावर ठेवली. त्यांनी ती ओळखली.

"मोजलंस?"

"हो."

"किती आलं?"

मला हे अजून आठवतं. माणूस संशोधन सोडतो, गाव बदलतो, पण आकडा विचारल्याशिवाय राहवत नाही.

"अडीच. परत केलं तर दोन पूर्णांक चार."

त्या समोरच्या बाकावर बसल्या. बाटली हातात घेऊन तिच्याकडे बघत म्हणाल्या, "मला तर वाटायला लागलं होतं, मीच काहीतरी चुकले असेन. वजन चुकलं असेल, यंत्र बिघडलं असेल. तीन वर्षं मी मनात तो प्रयोग परत परत केला, श्रीधर. कुठं चुकले ते सापडत नव्हतं."

"तुम्ही चुकला नव्हता."

"मग तुला का नाही आलं? पुण्याच्या लोकांना का नाही आलं?"

"तेच कळत नाही," मी म्हणालो. "एकदा तुमच्या हाताने करून दाखवा. मी शेजारी उभा राहतो. रविवारी कुणी नसतं."

"सरांना माहीत आहे?"

"नाही."

खाली माग एकदम थांबला आणि खोलीत शांत झालं. त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"अजून काही सांगायचंय का तुला?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि बाटली मला परत दिली. "रविवारी नऊला येते."

रविवारी त्या नऊला पाच मिनिटं कमी असताना आल्या. पिराजीमामा सुट्टी असूनही आले होते. त्यांनी कुलपाचं कपाट उघडून सिल्व्हर नायट्रेटची बाटली टेबलावर आणून ठेवली आणि डिस्टिल्ड पाण्याचे दोन मोठे कॅन ओढत आणले.

"दोन कशाला, मामा?" मी विचारलं.

"वसुधाताईंचा हात मला ठावं हाय. ह्या असताना रोज एक क्यान रिकामा. ह्या गेल्यापास्नं आठवडाभर पुरतोय."

ताई हसल्या. मीही हसलो. कानावरून गेलेली गोष्ट डोक्यात शिरायला मला आणखी चार तास लागायचे होते.

रासायनिक भाग दुपारी बारापर्यंत संपला. त्यात वेगळं काही नव्हतं. मी केलं होतं तसंच त्यांनी केलं. मग धुणं सुरू झालं. फनेल दोन्ही हातांत आडवं धरून, झोपाळ्यासारखं हलकेच झुलवायचं. टेकवायचं. दोन थर वेगळे होईपर्यंत थांबायचं. मी प्रत्येक धुण्याचं पाणी परीक्षानळीत घेऊन थेंब टाकत होतो. या वेळी एकही चुकवायची नाही, असं ठरवलंच होतं. घाईत थेंब बोटांवर पडत होते.

पहिलं पाणी दह्यासारखं झालं. दुसरं दुधासारखं. चौथं पाणी नुसतं बघितलं तर काचेसारखं होतं, पण थेंब पडताच त्यात धुकं आलं. माझं चौथं पाणी तेव्हा असंच असणार. मी ती नळी जरा जास्त वेळ हातात धरून उभा राहिलो. पाचव्यात धुक्याचा भास. सहावं पाणी निवळ.

"झालं," मी म्हणालो आणि बाटली पुढे केली.

ताईंनी फनेलमध्ये नवं पाणी घातलं.

"ताई, टेस्ट निगेटिव्ह आली."

"बरं," त्या म्हणाल्या आणि झुलवायला लागल्या.

"अजून कशाला?"

"असू दे की. काय बिघडतंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात पिराजीमामांचा दुसरा कॅन लख्ख उजळला. "यातलं थोडं आत्ता काढून घेऊ का? सहाव्यानंतरचं?"

"घे," त्या म्हणाल्या. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

मी थोडं द्रव वेगळ्या बाटलीत काढलं आणि कागदावर रेघा मारत बसलो. सात, आठ, नऊ. अकराव्याला मामांनी चहा आणला. ताईंनी एका हाताने चहा प्यायला. वीस झाले तेव्हा पहिला कॅन संपला. त्या अधूनमधून त्यांच्या क्लासमधल्या मुलांबद्दल बोलत होत्या. एका मुलीला गणित चांगलं येतं, पण घरचे बारावीनंतर शिकवणार नाहीत, त्यांच्याशी एकदा बोलायला हवं, असं काहीतरी. त्यांचे हात आपले आपण चालले होते. मोजत त्या नव्हत्याच. एका वेळी फनेल टेकवलं, आणि त्यांनी नुसतं म्हटलं, "बास."

"एकतीस," मी म्हणालो.

"काय एकतीस?"

"तुम्ही एकतीस वेळा धुतलंत."

"एवढे झाले?" त्यांना खरंच नवल वाटलं.

"हे वहीत का नाही लिहिलंत?"

"लिहिलं होतं की. पाण्याने धुतले." त्यांनी हात पुसले. "आमचे बाबा प्रोसेस हाऊसमध्ये रंगखात्यात होते. नवीन माणसं पाणी निवळ आलं की कापड बाहेर काढायची. बाबा त्यांना म्हणायचे, पाणी निवळ आलं म्हणजे आता कुठं धुवायला सुरुवात झाली. लहानपणी सुट्टीत आम्ही त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा रोज ऐकायचो. मला वाटलं, सगळे असंच धुतात."

त्या खाली फनेलकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. पिराजीमामा रिकामा कॅन उचलून बाहेर निघून गेले.

दोन्ही नमुने कोरडे करायला, लेप द्यायला आणि मोजायला बुधवार उजाडला. सहाव्या धुण्यानंतरचं द्रव फसलं. अगदी माझ्यासारखं, पुण्यासारखं, आडवं. एकतिसाव्यानंतरचं अडीचपट आलं. टेस्टला न दिसणारं क्लोराइड प्लॅटिनमला दिसत होतं.

मी दोन्ही आलेख घेऊन सरांकडे गेलो. बाटलीपासून एकतिसाव्या धुण्यापर्यंतचं सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आलेख डोळ्यांजवळ नेऊन बघितले.

"तुम्ही तेव्हा किती वेळा धुतलं होतं, मगदूम?"

"चार वेळा. आणि टेस्ट केली नव्हती, सर."

त्यांनी वर बघितलं नाही. मी बोलत राहिलो. माझ्याकडे एक पळवाट होती आणि ती मी जपून आणली होती. "पण सर, टेस्ट केली असती तरी फसलंच असतं. हा सहाव्याचा आलेख बघा ना."

"खरं आहे," सर म्हणाले. "फसलंच असतं. पण त्या दिवशी तिने विचारल्यावर तुम्ही 'नाही केली' म्हणाला असता, तर मी तुम्हाला तिच्या शेजारी उभं करून परत करायला लावलं असतं. आणि तिचे हात तेव्हाच कुणीतरी बघितले असते."

माझ्या पळवाटेचं दार असं बंद झालं.

थोड्या वेळाने सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तसं मी कसंही करायला हवं होतं. तिला काही विचारायचं नाही, हे मीच म्हणालो होतो ना?" मग त्यांनी गाडीची किल्ली उचलली. "चला."

सरांनी गाडी थेट इचलकरंजीला आणली. ताईंचा क्लास चालू होता. पंधरा-वीस मुलं बाकांवर, फळ्यावर अर्धवट लिहिलेलं समीकरण. सर दारातच उभे राहिले. त्यांच्या मागे लागून माणसं सह्या घ्यायची, कॉलेजात ते आले की व्हरांडा मोकळा व्हायचा, आणि इथे ते चप्पल काढून उभे होते.

"वसुधा," ते मुलांसमोर म्हणाले, "तुझे आकडे बरोबर होते. मी तपासायला हवं होतं तसं तपासलं नाही. माझं चुकलं."

ताईंच्या हातात खडू होता. तो त्यांनी खाली ठेवला. "बसा, सर," त्या म्हणाल्या. मुलांना म्हणाल्या, "पुढची दोन उदाहरणं सोडवा."

सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि एका मुलाच्या वहीत डोकावायला लागले. मी ताईंबरोबर बाहेर जिन्यावर आलो. पाचावर धारण बसणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

"ताई, मी त्या वेळी टेस्ट केली नव्हती. मी खोटं बोललो."

"माहीत आहे."

"सरांनी सांगितलं?"

"सर आत्ता तर आलेत." त्यांनी माझा उजवा हात धरून पालथा केला. रविवारचे डाग तर्जनीवर, अंगठ्यावर, तळव्याच्या कडेला काळेभोर उमटले होते. "त्या दिवशी सरांच्या खोलीत तुझे हात टेबलावर होते. एक ठिपका नव्हता. तूही काही हातमोजे घालणाऱ्यातला नव्हतास."

मला ते टेबल दिसलं. तिची खाली घातलेली मान दिसली. मी तिची केलेली कीव आठवली आणि जिन्यातून खाली पळून जावंसं वाटलं.

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलणार? स्वतःचे आकडे वाचवायला पोरावर ढकलते, असंच झालं असतं ते." त्यांनी हात सोडला. "आणि मला वाटलं, तू सांगशील. त्या दिवशी सरांसमोर जमलं नसेल, उद्या सांगशील. नवीन होतास, घाबरला असशील. मी आठ दिवस वाट बघितली. रोज तू समोरच्या टेबलावर बसायचास. मग अर्ज दिला."

आत कुणीतरी मूल सरांना काहीतरी विचारत होतं आणि सर हळू आवाजात समजावत होते.

"परवा इथं आलास तेव्हाही मी विचारलं होतं," ताई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "चल, सर बाकावर अवघडले असतील," आणि आत गेल्या.

पुढे तो शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव वसुधा कोष्टी. पद्धतीच्या परिच्छेदात 'एकतीस वेळा धुतले' असं लिहिलेलं वाचून परीक्षकांनी विचारलं, एकतीसच का? ताईंनी उत्तर लिहिलं की पंचवीस वेळाही कदाचित चालेल, पण आम्ही ते करून बघितलेलं नाही. दोन वर्षांनी त्यांनी पीएच.डी. पुरी केली आणि क्लासही सोडला नाही. गणित चांगलं येणारी ती मुलगी आज इंजिनिअर आहे, असं मध्यंतरी कळलं.

आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. विद्यार्थी अहवाल घेऊन येतात, मी विचारतो, टेस्ट केली का, आणि ते म्हणतात, केली. हल्ली सगळेच हातमोजे घालतात, त्यामुळे बोटांवरून काही कळत नाही. आवाज जरासा हलला की मी खुर्चीवरून उठतो आणि म्हणतो, चल, परत एकदा करू, आत्ताच, मी शेजारी उभा राहतो. पोरांना मी खडूस वाटतो. वाटू दे. वसुधाताईंसारखी आठ दिवस वाट बघायची ताकद माझ्यात नाही.